उभ्याचं काम

धुळे-सोलापूर महामार्ग गोदावरी ओलांडतो, तिथे उत्तर काठावर शहागड आहे. पुलाच्या अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई. जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले की या काठाची नजर नदीवर खिळते. ऊस, कापूस, सोयाबीन, मोसंबी आणि साखर कारखाना ही या पट्ट्याची जुनी ओळख. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी असलेलं आंतरवाली सराटी इथून जवळच आहे. त्या आंदोलनात हजारोंनी जी तरुण मुलं बसली होती, त्यांच्या घरोघरचा प्रश्न साधा होता. शेती पुरत नाही, सरकारी भरती निघत नाही, निघाली तर हाती लागत नाही. मग बारावी किंवा बी.ए. झालेल्या पोराने करायचं काय?

या प्रश्नाचं एक उत्तर महामार्गावरच, उत्तरेला सुमारे पाऊणशे किलोमीटरवर सापडतं. छत्रपती संभाजीनगरात मोठ्या साखळ्यांची दुकानं गेल्या पंधरा वर्षांत एकामागून एक उघडली. 2010 मध्ये सिडकोकडे प्रोझोन मॉल सुरू झाला. वॉलमार्ट या जगातल्या सर्वात मोठ्या किरकोळ विक्री कंपनीचं ‘बेस्ट प्राइस’ हे घाऊक दुकानही याच शहरात आलं, कारण परदेशी कंपनीला घाऊक व्यापाराची मुभा होती आणि किरकोळीची नव्हती. डी मार्ट आला, रिलायन्सची दुकानं आली, टाटांच्या ट्रेंट कंपनीचं झुडिओ आलं. गावाकडे या सगळ्याला एकच नाव आहे. पोरगा ‘मॉलला’ लागला, पोरगी ‘मॉलला’ आहे. मग तो मॉल असो की किराण्याचं दुमजली दुकान.

या नोकरीविषयी मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. गिरणी कामगारावर कादंबऱ्या झाल्या, ऊसतोड कामगारावर अहवाल झाले, एसटीच्या वाहक-चालकांवर लेख झाले. रॅकमध्ये साबण रचणारा, काउंटरवर बिल करणारी, गोडाऊनमध्ये पोती उतरवणारा मात्र आपल्या वाचनात जवळजवळ नाहीच. आपण त्याला आठवड्याला भेटतो, ‘भैया, तूरडाळ कुठंय’ एवढं विचारतो आणि पुढे जातो.

महाराष्ट्रात मोठ्या दुकानाची गोष्ट कामगारांनीच सुरू केली होती, हे आज सांगावं लागतं. मुंबईत नायगावला 1948 मध्ये गिरणी कामगारांनी आणि त्यांच्यात काम करणाऱ्या समाजवादी कार्यकर्त्यांनी एक ग्राहक सहकारी संस्था काढली. तिचंच पुढे ‘अपना बाजार’ झालं. युद्धानंतरचे ते टंचाईचे आणि रेशनचे दिवस होते. दुकानदार मापात मारायचा, भेसळ करायचा आणि उधारीवर व्याज लावायचा. त्यावरचा तोडगा म्हणून दुकानच आपल्या मालकीचं करायचं ठरलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस एका छपराखाली धान्य, कापड, औषधं, भांडी विकणारं मोठं दुकान नायगावात उभं राहिलं. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याभोवती जे विश्व उभारलं, त्यात वारणा बाजारही होता. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला शहरातल्यासारखं मोठं दुकान गावात मिळालं ते सहकारातून.

याच अपना बाजारची एक शाखा फ्रँचाइजी म्हणून 1999 च्या सुमारास नवी मुंबईत नेरूळला चालवायला घेतली ती शेअर बाजारातले नामवंत गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी. किराण्याचा धंदा कसा चालतो, माल कुठून येतो, कुठे गळतो, गिऱ्हाईक कशासाठी परत येतं हे त्यांनी तिथे पाहिलं. 2002 मध्ये पवईला पहिला डी मार्ट उघडला. मार्च 2025 अखेर त्यांची 415 दुकानं होती आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. कामगारांच्या सहकारी दुकानात शिकलेला धडा देशातल्या सर्वात यशस्वी खासगी साखळीचा पाया ठरला. सहकाराने तो धडा स्वतःसाठी का वापरला नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण एक गोष्ट या प्रवासात हरवली. नायगावच्या दुकानात माल घेणारा कामगार त्या दुकानाचा सभासद होता, वार्षिक सभेत उठून बोलू शकत होता. आजच्या दुकानात काम करणाऱ्याला बहुतेक वेळा हेही नीट ठाऊक नसतं की कागदोपत्री आपण नेमके कोणाचे नोकर आहोत.

या धंद्याचं गणित समजल्याशिवाय त्यातल्या माणसाचं काम समजत नाही. किराण्यात नफ्याचं प्रमाण अगदी थोडं. त्यामुळे साखळी दुकान तीन गोष्टींवर जगतं: माल पटकन खपला पाहिजे, जागेचा प्रत्येक फूट कामी आला पाहिजे आणि खर्च कमीत कमी झाला पाहिजे. डी मार्टने जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घेतल्या, पुरवठादाराचे पैसे इतरांपेक्षा लवकर चुकते केले आणि त्याबदल्यात भाव पाडून घेतला. 2024-25 मध्ये या कंपनीची विक्री दर चौरस फुटाला वर्षाकाठी 35 हजार रुपयांहून अधिक होती. एका फरशीएवढ्या जागेवर वर्षात 35 हजारांचा माल यायचा आणि जायचा, म्हणजे ती जागा दिवसातून कितीदा रिकामी होते आणि कितीदा भरावी लागते याचा अंदाज करावा. ती भरणारा हात यंत्राचा नाही.

सकाळी दुकान उघडण्याआधी हे काम सुरू होतं. हजेरी लागते, मोबाइल बहुतेक ठिकाणी लॉकरमध्ये जातो, दहा मिनिटांची बैठक होते. काल किती विक्री झाली, आज कशावर ऑफर आहे, कुठल्या रॅकला माल कमी आहे. तोवर मागच्या दाराला गाडी लागलेली असते. चलन आणि माल ताडून पाहायचा, फुटलेलं बाजूला काढायचं, खोकी फोडायची, माल फ्लोअरवर आणायचा. रॅक भरण्याचा एक पक्का नियम आहे: ज्याची मुदत आधी संपते तो पुढे, नवा माल मागे. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी आधी रॅकमधला जुना माल पुढे ओढायचा, पुसायचा, प्रत्येक पाकिटावरची तारीख बघायची, मग मागे हात घालून नवा माल रचायचा आणि सगळ्या पाकिटांची तोंडं गिऱ्हाइकाकडे करायची. यालाच फेसिंग म्हणतात. रविवारी संध्याकाळी हे फेसिंग अर्ध्या तासात मोडतं आणि पुन्हा करावं लागतं. तळाच्या फळीसाठी उकिडवं बसायचं, वरच्या फळीसाठी शिडी चढायची, आणि मधल्या काळात ‘भैया, तूरडाळ कुठंय’ याचं उत्तर हसून द्यायचं.

शेतातून आलेल्या मुलाला ओझ्याचं काही वाटत नाही. पन्नास किलोचं पोतं त्याने बारदान्यासकट उचललेलं असतं. त्याला जड जातं ते वेगळंच. कापूस वेचताना माणूस ओळ संपली की बांधावर टेकतो, पाणी पितो, चार शब्द बोलतो. दुकानात बांध नाही. डोक्यावर कॅमेरा, समोर गिऱ्हाईक आणि सुपरवायझरची फेरी असते.

काउंटरवरचं काम याहून वेगळं, आणि त्याला कौशल्य लागतं हे मान्य करायला आपण तयार नसतो. 26 जून 1974 रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावात शॅरन ब्युकॅनन या कॅशियरबाईंनी च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड यंत्रासमोर धरला आणि दुकानातली पहिली नोंद झाली. तेव्हापासून कॅशियरला भाव पाठ असण्याची गरज उरली नाही. भारतात नोंदलेल्या बारकोडची सुरुवात 890 या आकड्यांनी होते, हेही काउंटरवरची मुलगी आठवड्याभरात शिकते. पण यंत्राने एक ओझं उतरवलं आणि दुसरं चढवलं. भाव आठवायचा नाही म्हटल्यावर वेग वाढला. किती वस्तू किती वेळात स्कॅन झाल्या हे संगणकाला कळतं. रांग लांबली तर दोष तिचा. गिऱ्हाइकाने दोन वस्तू परत केल्या तर बिलातून काढायला सुपरवायझरची परवानगी लागते, तो येईपर्यंत रांगेतल्या वीस जणांच्या नजरा तिच्यावर. रात्री रोकड, कार्ड आणि यूपीआय यांचा मेळ घालायचा. शंभरची एक नोट कमी भरली तर पुन्हा मोजायचं. अनेक ठिकाणी ती तूट कॅशियरच्या पदरात पडते.

आणि तिच्या हातात नसलेल्या निर्णयांचा रागही तिनेच झेलायचा. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि दुकानं कापडी-कागदी पिशवीचे पैसे वेगळे घेऊ लागली. हा वाद ग्राहक न्यायालयांत गेला. डिसेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ‘बिग बाजार’ या साखळीच्या प्रकरणात, आधी कल्पना न देता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. निर्णय दिल्लीत झाला. पण त्याआधी आणि त्यानंतरही ‘पिशवीचे पैसे कसले?’ हा आवाज चढतो तो महिन्याला जेमतेम पगार मिळणाऱ्या मुलीवर. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले. वर्तमानपत्रांनी ग्राहकाच्या बचतीचे आकडे छापले. पाकिटावर जुनी किंमत, बिलात नवी. रॅकवरच्या भावपट्ट्या बदलणं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला फरक समजावणं हे कोणाच्या अंगावर पडलं, ते कोणी छापलं नाही.

आता नेमणुकीच्या त्या कागदाकडे येऊ, ज्यावर या नोकरीचं सगळं अवलंबून आहे.

मराठवाड्याला कंत्राटी काम नवीन नाही. शहागडचा पूल ओलांडला की ऊसतोडीचा बीड जिल्हा सुरू होतो. अलीकडच्या अंबड, घनसावंगी तालुक्यांतूनही कोयते जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटक. ज्या कारखान्यासाठी ऊस तोडला जातो त्याच्या पटावर मजुराचं नाव नसतं. त्याचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा कारखान्याशी. मोठ्या दुकानांतही मधला माणूस आहे, फक्त त्याचं ऑफिस वातानुकूलित आहे. भरती एजन्सी करते, पगार एजन्सी देते, गणवेशावर नाव मात्र साखळीचं. त्यातही एक वेगळा वर्ग असतो: साबण किंवा चहाच्या कंपनीने नेमलेला प्रमोटर. दुकान एकाचं, माल दुसऱ्याचा आणि पगार तिसऱ्याचा. शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून कायम आणि बिगरकायम मनुष्यबळाचे आकडे वार्षिक अहवालात द्यावे लागतात. ते वाचले की चित्र स्पष्ट होतं. डी मार्टमध्ये कंत्राटी माणसं कायम नेमणुकीतल्या माणसांच्या कित्येक पट आहेत.

ऊसतोडीपेक्षा ही नोकरी चांगली आहे, यात वाद नाही. इथे उचल नाही, म्हणून फिटेपर्यंत बांधून राहणं नाही. लेकरं फडात वाढत नाहीत. पगार बँकेत जमा होतो. आई-बापाने कोयता घेतलेल्या घरातली मुलगी इस्त्रीचा गणवेश घालून संगणकासमोर उभी राहते, हे त्या घरासाठी फार मोठं आहे आणि त्याचं मोल कमी करण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. म्हणूनच तर या नोकरीत काय कमी आहे हे स्पष्ट सांगायला हवं. ऊसतोडीपेक्षा बरी असणं ही नोकरीची कसोटी होऊ शकत नाही.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा 2017 चा. त्याने 1948 चा जुना कायदा रद्द केला आणि दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायला मोकळीक दिली. त्या बदल्यात कामगारासाठी तरतुदी ठेवल्या. मूळ कायद्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आठवड्याला सलग 24 तासांची सुट्टी. जादा कामाला दुप्पट मजुरी. वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या, त्यांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर नक्की. रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची.

2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने यातले तास वाढवायला मंजुरी दिली: दिवसाला 9 ऐवजी 10, तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा 125 ऐवजी 144 तास. शिवाय या तरतुदी दहाऐवजी वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू करण्याचं ठरलं. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा ही कारणं दिली गेली. खुर्चीत बसून दहावा तास घालवणं आणि पायावर उभं राहून दहावा तास काढणं यांत किती फरक आहे, याचा विचार तिथे झालेला दिसत नाही.

सुट्ट्यांचं तर उलटच आहे. बिग बाजारने 26 जानेवारी 2006 रोजी ‘सबसे सस्ता दिन’ सुरू केला आणि दुकानांबाहेर एवढी गर्दी लोटली की शटर पाडावी लागली. तेव्हापासून प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन हे साखळी दुकानांचे सर्वात मोठे विक्रीचे दिवस झाले. ज्या दिवसाला कायदा भरपगारी सुट्टी म्हणतो, त्या दिवशी रजा मागणं दुकानात सर्वात अवघड. त्या दिवशीच्या कामाचा वेगळा मोबदला मागणं हा हक्क आहे, उपकार नाही. दिवाळीचं तेच. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत रजा नाही हे भरतीच्या वेळीच सांगितलं जातं. शहागडच्या घरात लक्ष्मीपूजन होतं तेव्हा त्या घरातला मिळवता माणूस संभाजीनगरात दुसऱ्यांच्या ट्रॉल्या भरत असतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक हिशेब असतो. दुकान रात्री दहाला बंद झालं, मेळ घालून निघायला साडेदहा, तर गावाकडची गाडी कधीच निघून गेलेली असते. म्हणून चार-पाच जणींनी मिळून खोली करायची. पगारातून खोलीभाडं, मेसचा डबा आणि घरी पाठवायची रक्कम वजा केली की हातात फार उरत नाही. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याने गावी येणं-जाणं परवडू लागलं. सरकारी निर्णयाचा थेट उपयोग कोणाला झाला असं विचारलं तर यादीत या मुलींना वरचं स्थान द्यावं लागेल.

आता पायांविषयी. हा या नोकरीतला सर्वात उघड आणि सर्वात कमी बोलला जाणारा विषय आहे. रोज आठ-दहा तास उभं राहिल्याने पोटऱ्यांतल्या शिरा फुगतात, टाचा आणि कंबर धरते, पाळीच्या दिवसांत त्रास दुप्पट होतो. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणं ही सवय लागते आणि तिची किंमत मूत्रमार्गाच्या आजारांनी मोजावी लागते. या विषयाला वाचा फोडली ती केरळातल्या कोझिकोडच्या बायकांनी. तिथल्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायला मनाई होती आणि स्वच्छतागृहही नव्हतं. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र करून ‘पेनकूट्ट’ ही संघटना उभी केली. पुढे त्रिशूरमध्ये साड्यांच्या एका मोठ्या दुकानातल्या बायका याच मागणीसाठी संपावर गेल्या. 2018 मध्ये केरळ सरकारने दुकानांचा कायदा बदलून बसण्याचा हक्क त्यात लिहिला. त्याच वर्षी बीबीसीने जगभरातल्या शंभर महिलांच्या यादीत विजींचं नाव घातलं. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. कारखान्यांच्या 1948 च्या कायद्याच्या कलम 44 नुसार उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसण्याची सोय द्यावी लागत होती. कारखान्यातल्या कामगाराला देशाने 1948 मध्येच दिलेला स्टूल दुकानातल्या बाईपर्यंत पोहोचायला सत्तर वर्षं लागली, आणि तोही दोनच राज्यांत.

21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षितता आणि आरोग्याच्या संहितेत उभ्याने काम करावं लागणाऱ्या सर्वांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. महाराष्ट्रातल्या काउंटरमागे स्टूल ठेवायला आता कोणतीही अडचण सांगता येणार नाही. बारकोड बसूनही वाचला जातो. युरोपात कित्येक दुकानांत कॅशियर खुर्चीवर बसूनच बिल करतात आणि रांगा काही थांबत नाहीत.

याच संहितेत कंत्राटी कामाविषयीही काही आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवू नयेत असं तत्त्व तिने मांडलं, आणि पुढच्याच ओळींत एवढे अपवाद दिले की तत्त्व त्यांतून निसटावं. ज्या धंद्यात एखादं काम एरवीही कंत्राटदाराकडूनच होतं, तिथे ते चालू राहू शकतं. दुकानाचं मुख्य काम माल लावणं आणि विकणं हेच नाही तर दुसरं काय? तरीही एक जुनी तरतूद अजून शाबूत आहे आणि ती प्रत्येक मुलाला ठाऊक असली पाहिजे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ती चालत आली आहे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. एजन्सी पळाली म्हणून पगार पळत नाही.

या नोकरीला भविष्य आहे का? वरच्या पायऱ्या आहेत, पण अरुंद आहेत. माल लावणारा कॅशियर होतो, कॅशियर विभागाचा प्रमुख होतो, फार थोडे दुकानाचे व्यवस्थापक होतात. केंद्राने 25 सप्टेंबर 2014 ला दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना सुरू केली. 15 ते 35 वयाच्या ग्रामीण तरुणांना प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांतल्या किमान 70 टक्क्यांना नोकरी लावायची अशी तिची अट. किरकोळ विक्री हा तिच्यातला एक मोठा विषय. तीन-चार महिन्यांत मुलगा बिलिंग शिकतो, इंग्रजीत नमस्कार करायला शिकतो. पण भर मुख्यतः नोकरी लावण्यावरच राहिला. ती पाच वर्षं टिकली का, याकडे तेवढं लक्ष गेलं नाही. या धंद्यात माणसं सतत येतात आणि जातात, याचं एक कारण हे की तिसऱ्या वर्षीच्या कॅशियरचा पगार पहिल्या दिवशीच्या कॅशियरपेक्षा फारसा पुढे गेलेला नसतो. अनुभवाला किंमत नसेल तर अनुभवी माणूस थांबेल कशाला?

आणि साखळी मोठी आहे म्हणून नोकरी पक्की, असंही नाही. बिग बाजार एकेकाळी देशातल्या प्रत्येक मोठ्या शहरात होतं. मुंबईत लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात, जिथे कधीकाळी भोंगा व्हायचा, तिथे त्याच्या जाहिराती लागल्या होत्या. कर्ज, टाळेबंदी आणि रिलायन्सला होणाऱ्या विक्रीवरून ॲमेझॉनशी चाललेला न्यायालयीन झगडा यांत बिग बाजारचा मालक फ्यूचर समूह बुडाला. फेब्रुवारी 2022 मध्ये रिलायन्सने त्यांची दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, जुलैमध्ये फ्यूचर रिटेलची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अनेक कर्मचाऱ्यांना नव्या मालकाने सामावून घेण्याची तयारी दाखवली. पण एका आठवड्यात गणवेशाचा रंग आणि पाटीवरचं नाव बदलतं, आणि त्यात आपलं मत कोणी विचारत नाही, हे हजारो माणसांनी अनुभवलं. मार्च 2025 अखेर रिलायन्स रिटेलची 19,340 दुकानं होती. आकडा वाढत राहील. तो जिल्ह्याच्या गावांतून तालुक्यांत येतो आहे आणि उद्या महामार्गावरच्या शहागडसारख्या बाजाराच्या गावांच्या उंबऱ्यावरही येईल. तेव्हा पोराला पाऊणशे किलोमीटर जावं लागणार नाही. गावातल्या किराणा दुकानदाराचं काय होईल, हा प्रश्न तेव्हा गावातच उभा राहील.

तोवर, सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी आणि गोदावरीचा पूर यांनी ज्यांची कापूस-सोयाबीन नेली, त्या घरांतली मुलं नोकरीसाठी निघतच राहणार. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी काही गोष्टी इथे सांगून ठेवायला हव्यात. नेमणूकपत्र मागा, नव्या संहितेनुसार ते देणं बंधनकारक आहे. त्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा. पगाराची पावती दर महिन्याला घ्या आणि तिच्यावर भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आहे का पाहा. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. 14,000 पगारावर मुलाचे 105 रुपये कापले जातात आणि मालकाने 455 भरायचे असतात. त्या पैशांत आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार आणि मुलींना 26 आठवड्यांची बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते. कापलेले पैसे खरोखर भरले जातात की नाही हे मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं. राज्याचं किमान वेतन दुकानांसाठी वेगळं ठरलेलं आहे, भागानुसार बदलतं आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारला जातो. जानेवारी आणि जुलैच्या पगारात तो फरक दिसला पाहिजे.

ग्राहकांनाही दोन गोष्टी करता येतील. दुकान बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी भरलेली ट्रॉली घेऊन काउंटरवर जाऊ नये. आणि ज्या दुकानात बिल करणारी मुलगी उभीच दिसेल, तिथल्या व्यवस्थापकाला विचारावं, हिला बसायला स्टूल का नाही. तक्रारवहीत तसं लिहावं आणि खाली आपलं नाव घालावं. ती मुलगी हे लिहू शकत नाही. आपण लिहू शकतो.